आगोटीआधीचे तुफान : रायगडचा किनारा, तापता अरबी समुद्र आणि चार शतकांच्या नोंदी

१. ३ जून २०२०. टाळेबंदीचे दिवस. दुपारी साडेबारा ते अडीचच्या दरम्यान अलिबागच्या दक्षिणेस रायगडच्या किनाऱ्यावर 'निसर्ग' चक्रीवादळ आदळले. वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर. मुरूड, दिवेआगर, श्रीवर्धन या पट्ट्यातील घरांची छपरे उडाली, विजेचे खांब मोडून पडले आणि पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या नारळी-पोफळीच्या वाड्या काही तासांत आडव्या झाल्या. गावातील जाणत्या माणसांनाही असे वादळ आठवत नव्हते. मित्रहो, आजचा धागा या 'आठवत नव्हते' विषयी आहे. 🧵

२. इतिहासाच्या अभ्यासकाने अशा वेळी दोन प्रश्न विचारावेत. या किनाऱ्यावर अशी वादळे पूर्वी खरोखर येत नव्हती, की आली आणि विसरली गेली? आणि पूर्वीचा अनुभव हा पुढच्या काळासाठी पुरेसा मार्गदर्शक उरला आहे काय? पहिल्या प्रश्नाचे उत्तर जुन्या दप्तरांत शोधावे लागते, दुसऱ्याचे समुद्राच्या तापमानात. दोन्ही साक्षी एकत्र ठेवल्याशिवाय चित्र पुरे होत नाही.

३. आधी या भूमीचे वय ध्यानात घेऊ. अलिबागजवळच्या आक्षी येथील शिलालेख शके ९३४, म्हणजे इ.स. १०१२ चा मानला जातो. मराठीतील आद्य लेखांत त्याची गणना होते. दिवेआगरचा ताम्रपट शके ९८२, म्हणजे इ.स. १०६० चा. पेशवाईचा पाया घालणाऱ्या बाळाजी विश्वनाथ भटांचे घराणे श्रीवर्धनचे. हजार वर्षे लिहित्या असलेल्या या किनाऱ्यावर वादळांची नोंद मात्र फार विरळ आहे.

४. ती विरळ का, याला एक भौगोलिक कारण आहे. हिंदी महासागराच्या उत्तर भागात जी चक्रीवादळे होतात, त्यांत बंगालच्या उपसागराचा वाटा परंपरेने फार मोठा. ढोबळमानाने तिकडे चार, तर अरबी समुद्रात एक. शिवाय अरबी समुद्रातील बरीच वादळे वायव्येकडे ओमान-येमेनच्या दिशेने जातात, किंवा उत्तरेकडे वळून गुजरातचा रस्ता धरतात. कोकणावर थेट येणारे वादळ हा अपवाद. अपवाद म्हणजे अशक्य नव्हे, एवढे मात्र लक्षात ठेवावे.

५. सर्वांत ठळक जुनी नोंद पोर्तुगीज अमलातील आहे : १५ मे १६१८. वसई-मुंबईच्या परिसरावर आलेल्या त्या तुफानाचे वर्णन पोर्तुगीज इतिहासकारांनी केले आहे. समुद्र वस्तीत शिरला, चर्चची शिखरे उडाली, अवजड दगड दूरवर फेकले गेले आणि सुमारे दोन हजार माणसे दगावली, असे ती नोंद सांगते. आकडा तंतोतंत मानू नये. पण महिना पाहा. मे. पावसाळ्याच्या तोंडावरचा.

६. पुढची मोठी नोंद १८५४ च्या नोव्हेंबरातील. मुंबईच्या गॅझेटियरनुसार काही तासांच्या त्या वादळात प्रचंड मालमत्ता नष्ट झाली आणि सुमारे एक हजार माणसे मेली. त्यानंतर २२ नोव्हेंबर १९४८ चे वादळ. मुंबईकरांच्या दोन पिढ्यांनी त्याची आठवण सांगितली. ११ नोव्हेंबर २००९ रोजी 'फयान' अलिबाग आणि मुंबईच्या दरम्यान किनाऱ्यावर आले. एक मे, तीन नोव्हेंबर आणि 'निसर्ग' जूनच्या आरंभी. ही रचना योगायोगाची नाही.

७. चक्रीवादळाला उबदार समुद्र लागतोच, पण त्याबरोबर वरपासून खालपर्यंत साधारण एकाच दिशेचा आणि वेगाचा वाराही लागतो. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडे खालून नैर्ऋत्य मोसमी वारा जोरात वाहतो आणि वर उंचावर पूर्वेकडून वेगळाच प्रवाह असतो. या ओढाताणीत वादळाचा खांब उभाच राहू शकत नाही, तो कलंडतो. म्हणून भर पावसाळ्यात मोठी चक्रीवादळे क्वचित, आणि त्याच्या अलीकडे-पलीकडे, मे-जून व ऑक्टोबर-नोव्हेंबर, हे त्यांचे दोन हंगाम.

८. येथे एक गल्लत टाळू. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली 'रामदास' बोट काश्याच्या खडकाजवळ बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. गटारीचा दिवस होता. कुलाबा जिल्ह्यातील कितीतरी घरांत एकाच दिवशी सुतक आले. पण ते चक्रीवादळ नव्हते. पावसाळी समुद्र, सोसाट्याचा वारा आणि उसळती लाट यांचा तो घात होता. जनमानसात सारी तुफाने एकाच गाठोड्यात बांधली जातात. इतिहासकाराला ती सोडवून वेगळी करावी लागतात.

९. आता एका खोट्या वादळाची गोष्ट. 'जगातील सर्वांत भीषण वादळे' अशा याद्यांत ६ जून १८८२ चे 'महान मुंबई चक्रीवादळ' हमखास सापडते : एक लाख मृत्यू! आपण तपासू. १८८१ च्या जनगणनेत मुंबई शहराची लोकसंख्या ७,७३,१९६ होती. म्हणजे शहरातील दर आठ माणसांमागे जवळजवळ एक माणूस एका दिवसात गेला, आणि तरी त्याची स्मशाने, मदतनिधी, चौकशी समित्या यांपैकी कशाचाच मागमूस नाही?

१०. शिवाय मुंबईत तेव्हा कुलाबा वेधशाळा होती. १८२६ साली स्थापन झालेली, हवामानाची नियमित निरीक्षणे टिपणारी. वृत्तपत्रे होती, तारयंत्र होते, गॅझेटियरचे काम त्याच दशकात चालू होते. लेखक अमिताव घोष आणि हवामानशास्त्रज्ञ अ‍ॅडम सोबेल यांनी या प्रकरणाचा माग काढला, तेव्हा असे महासंकट घडल्याचा समकालीन पुरावा मिळाला नाही. एका यादीतून दुसऱ्या यादीत उतरत गेलेली ती एक दंतकथा आहे.

११. हे इतके तपशिलात सांगण्याचे कारण आहे. खोटे वादळ दोन प्रकारे नुकसान करते. पूर्वी लाख माणसे मेली होती असे मानले, तर आजचे प्रत्येक वादळ किरकोळ वाटू लागते. आणि ती गोष्ट खोटी ठरली की लोक म्हणतात, "म्हणजे आपल्याकडे काही येतच नाही." सत्य या दोहोंच्या मधे आहे : वादळे येत होती, पण माणसाच्या आयुष्यात एखादे, क्वचित दोन. तेवढ्या अंतराने येणारे संकट स्मृतीतून निसटते.

१२. आणखी एक वाक्य आपण वाचले असेल : '१८९१ नंतर प्रथमच जूनमध्ये महाराष्ट्रावर इतके तीव्र वादळ'. हे वाचून १८९१ साली तसेच वादळ आले होते, असा समज होतो. पण भारतीय हवामान विभागाचा वादळमार्गांचा नकाशासंग्रहच १८९१ पासून सुरू होतो. ते वर्ष म्हणजे नोंदवहीचे पहिले पान. त्याआधीच्या जून महिन्यांविषयी ते वाक्य काहीच सांगत नाही. 'नोंदीत नाही' आणि 'घडले नाही' यांत महदंतर आहे.

१३. नोंदवहीतही सर्व पाने सारखी नाहीत. हवामान विभागाची स्थापना १८७५ ची. १८६४ च्या कलकत्त्याच्या भीषण चक्रीवादळानंतर अशा संस्थेची निकड भासू लागली होती. तरीही कित्येक दशके खुल्या समुद्रातले वादळ कळायचे ते एखादे जहाज त्यात सापडले तरच. उपग्रहांचे अखंड डोळे लाभले ते विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. त्यामुळे शंभर वर्षांपूर्वीची संख्या आणि आजची संख्या सरळ समोरासमोर ठेवणे हा कच्चा इतिहास होय.

१४. मग जुन्या पिढ्या पूर्ण अज्ञानी होत्या काय? मुळीच नाही. त्यांच्याकडे आकडे नव्हते, पण पंचांग आणि शिस्त होती. कोकणात पावसाळ्याच्या आरंभाला, समुद्र खवळू लागण्याच्या काळाला 'आगोट' म्हणतात. आगोटीपूर्वी होड्या वर ओढायच्या, शाकारणी उरकायची, सुकी मासळी आणि लाकूडफाटा भरून ठेवायचा आणि नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्यावर पुन्हा समुद्रात जायचे. ही चालीरीत म्हणजे शतकांच्या अनुभवाचा सारांश आहे.

१५. हीच शिस्त राज्यकारभारातही दिसते. रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'त आरमारावर स्वतंत्र प्रकरण आहे. आगोटीच्या काही दिवस आधीच, समुद्राला उधाण येण्यापूर्वी, आरमार सुरक्षित बंदरी आणून छावणीस ठेवावे, असा त्यातील उपदेश. म्हणजे जहाजे मे महिन्यातच आत. १६१८ चे तुफानही मे महिन्यातलेच होते, हे आठवा. चक्रीवादळाचे शास्त्र ठाऊक नसतानाही त्याच्या हंगामाला टाळण्याची व्यवस्था आपोआप साधली होती.

१६. आज महाराष्ट्रात यांत्रिक नौकांच्या मासेमारीवरील पावसाळी बंदी सर्वसाधारणपणे १ जूनला सुरू होते. म्हणजे मे महिना आता कामाचा महिना आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबर तर हंगामाचे ऐन दिवस. 'फयान' आले तेव्हा कोकणच्या कितीतरी नौका समुद्रात होत्या. जुन्या पंचांगातील सावधगिरीची बाजू आपण थोडी थोडी खरवडत आणली, आणि नेमक्या त्याच काळात समुद्र बदलू लागला. येथून दुसरी साक्ष सुरू होते.

१७. समुद्र का महत्त्वाचा? चक्रीवादळ हे एक उष्णतेवर चालणारे यंत्र आहे. सुमारे २६.५ अंश सेल्सिअस किंवा त्याहून उबदार पाण्याची वाफ वर चढते, उंचावर तिचे पाणी होते आणि वाफेत साठलेली उष्णता तेथे मोकळी होते. तापलेली हवा आणखी वर जाते, खालचा दाब उतरतो, भोवतालची दमट हवा आत ओढली जाते. पृथ्वीच्या परिवलनामुळे तिला गिरकी मिळते. समुद्र जितका उबदार, तितके इंधन अधिक.

१८. या यंत्राला निसर्गाचा एक लगामही आहे. वादळाचा वारा समुद्र घुसळतो आणि खालचे थंड पाणी वर आणतो. पाणी गार झाले की इंधन तुटते. पण उबदार थर वरच्यावर न राहता खोलवर पोहोचला असेल, तर कितीही घुसळले तरी वर उबदारच पाणी येते. लगाम सुटतो. अशा वेळी एक-दोन दिवसांत साध्या वादळाचे अतितीव्र वादळ होऊ शकते. किनाऱ्यावरच्या माणसाच्या दृष्टीने हा सर्वांत घातक बदल, कारण त्याच्या हातातला वेळच कमी होतो.

१९. आता आकडे. केंद्रीय पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या २०२० च्या हवामानबदल अहवालानुसार १९५१ ते २०१५ या काळात उष्णकटिबंधीय हिंदी महासागराच्या पृष्ठभागाचे तापमान सरासरी सुमारे १ अंशाने वाढले. मानवनिर्मित हरितगृह वायूंमुळे साठणाऱ्या जादा उष्णतेपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक भाग समुद्र गिळतो. 'निसर्ग' जन्मले तेव्हा अरबी समुद्राच्या त्या भागाचे पाणी ३० अंशांच्या वर होते.

२०. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील मेधा देशपांडे, रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी १९८२ ते २०१९ या उपग्रहयुगातील वादळे तपासली. आधीच्या एकोणीस वर्षांशी तुलना करता २००१ ते २०१९ मध्ये अरबी समुद्रातील चक्रीवादळांची संख्या ५२ टक्क्यांनी वाढली, अतितीव्र वादळांची १५० टक्क्यांनी. वादळांचा एकूण कालावधी ८० टक्क्यांनी लांबला. बंगालच्या उपसागरात संख्या किंचित, ८ टक्क्यांनी घटली.

२१. हे आकडे वाचताना विवेक हवा. मूळ संख्या लहान असली की टक्केवारी मोठी दिसते. काही दशकांचा समुद्राचा स्वतःचा चढउतारही यात मिसळलेला असतो; २०१९ साली अरबी समुद्रात पाच चक्रीवादळे झाली, त्यामागे हिंदी महासागराच्या पूर्व-पश्चिम तापमानातील त्या वर्षीच्या टोकाच्या फरकाचाही हात होता. आणि संपूर्ण उत्तर हिंदी महासागराचा विचार केला, तर १९५१ नंतर वादळांची एकूण संख्या घटलेलीच दिसते. वाढले आहे ते तीव्र वादळांचे प्रमाण.

२२. म्हणून "समुद्र तापला म्हणून 'निसर्ग' आले" असे विधान आपण करू नये. १६१८ साली कोणताही कारखाना नव्हता, तरी तुफान आले होते. नेमके विधान असे : तापलेल्या समुद्रात वादळ जन्मले, तर ते लवकर बळावण्याची, अधिक काळ टिकण्याची आणि अधिक पाऊस पाडण्याची शक्यता वाढते. हवा एका अंशाने तापली की तिच्यात सुमारे ७ टक्के अधिक बाष्प मावते. जुनाच खेळ आहे, पण फासे आता बदलले आहेत.

२३. 'निसर्ग'चा वेग पाहा. १ जूनच्या पहाटे कमी दाबाचा पट्टा, २ जूनच्या दुपारी चक्रीवादळ, ३ जूनच्या सकाळी तीव्र चक्रीवादळ आणि दुपारी किनाऱ्यावर. अंदाज वेळेत मिळाला, हजारो माणसे हलवली गेली, म्हणून जीवितहानी फार थोडी झाली. हे यश मोलाचे आहे. १८५४ आणि २०२० यांतला सर्वांत मोठा फरक वाऱ्यात शोधू नये. तो उपग्रह, बिनतारी संदेश आणि पक्क्या निवाऱ्यांत आहे.

२४. अवघ्या वर्षभरात, मे २०२१ मध्ये, 'तौक्ते' कोकण किनाऱ्याला समांतर वर सरकत गेले आणि १७ मेच्या रात्री सौराष्ट्रावर धडकले. ते किनाऱ्यावर आलेच नाही, तरी रायगड-रत्नागिरीत पडझड झाली. मुंबईपलीकडच्या तेलक्षेत्रात 'पी-३०५' हा तराफा बुडाला. त्यावरील २६१ जणांपैकी १८६ वाचले. पुढे काही मृतदेह रायगडच्या किनाऱ्याला लागले. तो महिना पुन्हा मे होता. 'आज्ञापत्रा'च्या हिशोबाने त्या दिवसांत आरमार बंदरात असायचे.

२५. माणसे वाचली तरी वाडी वाचत नाही. श्रीवर्धनची रोठा सुपारी प्रसिद्ध आहे. पोफळ लावल्यापासून नीट उत्पन्न हाती यायला सहा-आठ वर्षे लागतात, नारळाचेही तसेच. आजोबांनी लावावे, नातवाने खावे असा हा व्यवहार. एका दुपारी झाडे मोडतात तेव्हा एका हंगामाचे पीक बुडत नाही, दशकभराचे उत्पन्न जाते. पन्नास वर्षांतून एकदा असे वादळ आले तर वाडी पुन्हा उभी राहते. तेच दहा वर्षांत दोनदा आले तर?

२६. खारेपाटाचा प्रश्न याहून अवघड. अलिबाग-पेण भागात शेतकऱ्यांनी बांध घालून खाडीपासून भातजमीन मिळवली. उधाणात बांधाला खांड पडली की खारे पाणी शेतात शिरते आणि जमीन नापीक होते. उत्तर हिंदी महासागराची पातळी १९९३ ते २०१७ या काळात वर्षाला सरासरी ३.३ मिलिमीटरने वाढली. आकडा लहान वाटतो. पण वादळाची लाट या वाढलेल्या पातळीवर स्वार होऊन येते. बांधाची उंची मात्र जुन्या समुद्राच्या मापाची आहे.

२७. आता मूळ प्रश्नांकडे येऊ. अशी वादळे पूर्वी येत होती काय? होय, विरळ. विसरली गेली काय? होय, बहुतांशी. जुना अनुभव पुरेसा आहे काय? येथे उत्तर दुहेरी आहे. जुन्या माणसांची सावधगिरी, आगोटीचे भान, होड्या वेळेत वर घेण्याची शिस्त, हे सारे आजही खरे. पण "आपल्याकडे एवढे मोठे वादळ येत नाही" हा जुन्या अनुभवातून काढलेला निष्कर्ष आता टाकून द्यावा लागेल. तो ज्या समुद्रावर आधारलेला होता, तो समुद्र राहिला नाही.

२८. अलिबागला एक वेधशाळा आहे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याची भूचुंबकीय निरीक्षणे १९०४ मध्ये तेथे हलवली गेली. कुलाबा-अलिबागची ही मालिका १८४१ पासून चालत आली आहे. कोणीतरी दररोज, कंटाळा न करता, वही भरली म्हणून आज जगाला तिचा उपयोग होतो. किनाऱ्यावरच्या वादळांसाठी अशी गावपातळीवरची वही आपल्याकडे नाही. ती करणे आपल्या हाती आहे.

२९. मित्रहो, एवढी एक विनंती. आपले गाव किनाऱ्यावर असेल तर या सुटीत आजी-आजोबांना विचारा : १९४८ साली वडिलधाऱ्यांनी काय सांगितले होते? 'फयान'च्या रात्री कोण कोठे होते? 'निसर्ग'मध्ये पाणी कोणत्या पायरीपर्यंत आले? ते तारखेसह लिहून ठेवा. देवस्थानच्या हिशोबवह्या, ग्रामपंचायतीचे पंचनामे, वाडीतल्या मोडलेल्या झाडांची संख्या, हे सारे अस्सल साधन आहे. पन्नास वर्षांनी कोणी १८८२ सारखी खोटी कथा रचली, तर तुमची वहीच तिला उत्तर देईल.

३०. 'आठवत नव्हते' हे शब्द रायगडच्या किनाऱ्यावर पुन्हा कोणाला उच्चारावे लागू नयेत, एवढ्यासाठी हा प्रपंच. आपल्याकडे अशी एखादी जुनी नोंद, छायाचित्र किंवा घरात ऐकलेली हकीकत असेल तर खाली अवश्य लिहा; वर्ष आणि गाव नमूद करायला विसरू नका. धागा समाप्त. 🙏